श्वास आणि घास : जुनाट श्वसनविकारात आहाराचे स्थान

पुणे शहराची पश्चिमेकडील हद्द ओलांडली की मुळशी तालुका सुरू होतो व सह्याद्रीच्या माथ्यावर, ताम्हिणी घाटापाशी संपतो. एवढ्याशा अंतरात त्याची दोन अगदी वेगळी रूपे दिसतात. पूर्वेस हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी आणि पिरंगुटच्या परिसरातील कारखाने. पश्चिमेस मुळा नदीचे खोरे, टाटांचे धरण, भातखाचरे, डोंगरउतारावरील नाचणी-वरईची शेते आणि दूरदूर विखुरलेल्या वाड्यावस्त्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथे जो सत्याग्रह झाला तो या खोऱ्यातील भातजमिनी वाचविण्यासाठीच होता. त्या जमिनी अखेर पाण्याखाली गेल्या. आंबेमोहोराचा सुगंध अजूनही या तालुक्याच्या नावाशी जोडलेला असला, तरी पश्चिम भागातील बहुतेक कुटुंबांच्या वाट्यास आलेली शेती उताराची, पावसावर अवलंबून असलेली आणि वर्षाकाठी एकच मुख्य पीक देणारी आहे.

अशा भागातील कोणत्याही वस्तीत दोन-चार तरी माणसे अशी आढळतात की ज्यांना चढण चढवत नाही, पाण्याचा हंडा उचलवत नाही आणि पहाटे खोकल्याची उबळ आल्यावाचून ज्यांचा दिवस उजाडत नाही. गावात त्यांना सरसकट ‘दमेकरी’ म्हटले जाते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र या एका शब्दात निरनिराळे विकार सामावलेले असतात. खरा दमा हा श्वासनलिकांच्या अतिसंवेदनशीलतेचा विकार असून तो कमीजास्त होतो. योग्य औषधाने रुग्ण बराच मोकळा राहू शकतो. दुसरा विकार म्हणजे धूर, धूळ किंवा तंबाखू यांमुळे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे व वायुकोशांच्या भिंती झिजून जाणे. डॉक्टर त्यास ‘सीओपीडी’ म्हणतात. तिसरा गट क्षयरोगातून बरे झालेल्यांचा. जंतू गेलेले असतात, परंतु फुप्फुसावर व्रण राहिलेले असतात आणि धाप राहते. भारतात सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८० लाख होती, ती २०१६ पर्यंत साडेपाच कोटींवर गेली, असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे.

या विकारांची औषधे, फवारे, प्राणवायूची नळी यांविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. परंतु या रुग्णांची आणखी एक ओळख प्रत्येक घराला ठाऊक असते आणि तिच्याविषयी फारसे कोणी डॉक्टरांना विचारीत नाही. ती म्हणजे माणूस वाळत जातो. हातातील बांगड्या कोपराकडे सरकू लागतात, पोलके सैल होते, पुरुषाचा करगोटा कमरेवरून उतरू लागतो. वय झाले, रोग जुना झाला, आता असेच व्हायचे, अशी घरच्यांची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. वजन घटणे ही या विकारातील एक स्वतंत्र बाब असून ती मोजता येते, काही अंशी रोखता येते आणि अनेक रुग्णांत परतवूनही लावता येते.

चुलीचा धूर

सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा रोग, असे वैद्यकीय ग्रंथांतून दीर्घकाळ सांगितले जात होते. पुणे परिसरातील खेड्यांत झालेल्या पाहणीत निराळेच चित्र दिसले. रोग आढळलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोकांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नव्हते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखामुळे धूम्रपान न करणाऱ्यांच्या या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. लाकूड, गोवऱ्या व काटक्या यांच्या धुरात वर्षानुवर्षे बसणाऱ्या स्त्रिया हा त्यातील एक मोठा गट आहे.

मुळशीसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात या धुराला ऋतूची जोड मिळते. आषाढ-श्रावणात झडीमुळे दारे-खिडक्या बंद, सरपण ओले आणि चूल दिवसभर धुमसणारी, अशी स्थिती असते. त्याआधी उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजला जातो. शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या यांचा धूर खोऱ्यात रेंगाळतो. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी अनेक घरांत पोहोचली. तथापि टाकी परत भरून आणण्याचा खर्च आणि फुकट मिळणारे सरपण यांचा विचार करून पुष्कळ ठिकाणी चहा गॅसवर व भाकरी-पाणी चुलीवर अशी विभागणी झालेली दिसते. स्वयंपाक करणारीच पुढे रुग्ण होते. आणि ती जेवते सर्वांत शेवटी, हे या विषयात विसरून चालत नाही.

रुग्ण वाळतो तो का?

निरोगी माणसाला श्वास घेणे हे काम वाटतच नाही. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा अगदी अल्प हिस्सा श्वसनाच्या स्नायूंना पुरतो. सीओपीडीत चित्र बदलते. श्वासनलिका अरुंद झाल्याने आत घेतलेली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही. छाती फुगलेलीच राहते. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, म्हणजे श्वासपटल, दाबले जाऊन सपाट होते व त्याची ओढ कमी पडते. मग मानेचे, खांद्याचे, बरगड्यांमधील स्नायू मदतीला धावतात. चोवीस तास चालणाऱ्या या श्रमामुळे काही रुग्णांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय १० ते २० टक्क्यांनी वाढलेला आढळतो. नुसते बसून राहिलेल्या माणसाची भाकरी अशी श्वासात खर्च होते.

खर्च वाढला असता मिळकत वाढावयास हवी; येथे ती घटते. घास गिळताना प्रत्येक वेळी क्षणभर श्वास रोखावा लागतो. निरोगी माणसाला त्याची जाणीव नसते, धाप लागणाऱ्यास असते. चावताना तो दमतो, घाईघाईने गिळतो, त्याबरोबर हवाही गिळतो. पोट भरले की ते श्वासपटलास खालून रेटते आणि धाप आणखी वाढते. जेवल्यावर जीव घाबरा होतो, हा अनुभव दोन-चारदा आला की माणूस आपोआप अर्ध्या भाकरीवर थांबू लागतो. ‘भूक नाही’ असे तो सांगतो. पुष्कळदा भूक असते, भीती जेवणाच्या श्रमाची असते. त्यात तोंडाला बेडक्याची चव, फवाऱ्यातील औषधाने पडलेली कोरड आणि तंबाखूची मिश्री लावण्याची सवय यांची भर पडते. तंबाखू भूक मारते, मग ती ओढलेली असो वा हिरड्यांना लावलेली.

तिसरे कारण शरीराच्या आत आहे. या रोगातील दाह फुप्फुसापुरता राहत नाही. रक्तातून फिरणारी दाहकारक द्रव्ये स्नायूंतील प्रथिनांची मोडतोड वाढवितात. छातीत जंतुसंसर्ग होऊन रोग उसळला की आठ-दहा दिवसांत वजन झपाट्याने उतरते आणि ते भरून येण्याच्या आत पुढची उसळी येते. अशा वेळी स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात. त्या जीव वाचवितात, परंतु वारंवार घेतल्यास स्नायू व हाडे दुबळी करतात. दम लागतो म्हणून हालचाल बंद, हालचाल बंद म्हणून मांड्यांचे स्नायू बारीक, स्नायू बारीक म्हणून थोड्याच चालण्याने अधिक दम, असे हे चक्र फिरत राहते. त्याचा सर्वांत वाईट परिणाम असा की शरीर ज्या स्नायूंवर उपजीविका करू लागते त्यांत श्वासपटलही असते. खोकण्याचा जोर कमी झाला की बेडका आतच साचतो आणि न्यूमोनियाला वाट मोकळी होते.

विसाव्या शतकाच्या मध्यास डॉक्टरांतही असा विचार प्रचलित होता की, वजन घटणे हा शरीराने केलेला समंजस बदल असावा; लहान देहाला प्राणवायू कमी लागतो. ऐंशी व नव्वदच्या दशकांतील संशोधनाने या विचारास धक्का दिला. फुप्फुसाची क्षमता सारखी असलेल्या रुग्णांतही कमी वजनाचे रुग्ण लवकर दगावतात, असे निरनिराळ्या देशांत दिसून आले. २००४ मध्ये या रोगाचे भाकीत वर्तविण्यासाठी जे गुणांकन मांडले गेले त्यात श्वासाची क्षमता, धाप आणि चालण्याचे अंतर यांच्या जोडीला शरीराचे वजन हा चौथा घटक धरण्यात आला. आहार वाढवून उपयोग होतो काय, या प्रश्नाची उत्तरे आरंभी निराशाजनक होती. पुढे २०१२ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा विशेषतः कृश रुग्णांत पूरक आहाराने वजन वाढते व श्वसनाच्या स्नायूंचे बळही सुधारते असे आढळले. झिजलेले वायुकोश अन्नाने परत येत नाहीत. परंतु उरलेल्या फुप्फुसावर चालण्याची ताकद येते.

पथ्याचा अतिरेक

आपल्याकडे या प्रश्नात एक खास अडचण आहे, ती पथ्याची. घरात कोणास खोकला-धाप असली की दही बंद, केळे बंद, ताक बंद, दूध ‘कफ करते’ म्हणून बंद, भात ‘थंड’ म्हणून रात्री बंद, तेलकट बंद, आंबट बंद. ही बंदी प्रेमापोटीच घातली जाते. परंतु भात हेच ज्या खोऱ्याचे मुख्य अन्न, तेथे भात, दूध, दही आणि तेल वजा केल्यास रुग्णाच्या ताटात काय उरते, याचा हिशोब सहसा कोणी करीत नाही. उरते ती कोरडी भाकरी, पातळ कालवण आणि काळा चहा. धाप लागणाऱ्यास चावण्यास अवघड असे हेच जेवण असते.

दुधाने कफ वाढतो, या समजुतीची तपासणीही झालेली आहे. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूची लागण करून त्यांचे दुधाचे प्रमाण व नाकातील स्राव यांची रोज नोंद ठेवण्यात आली; दोहोंत काहीही संबंध आढळला नाही. दूध लाळेत मिसळले की घशात किंचित दाट थर जाणवतो, तोच कफासारखा भासतो. कोमट पाण्याचे दोन घोट घेतल्यास तो जातो. दही-केळ्याचेही तसेच. एखाद्यास एखाद्या पदार्थाची खरोखरच वावडी असते. तो खाल्ल्यावर दर वेळी छातीत घरघर सुरू होत असेल, तर तेवढा पदार्थ त्याने टाळावा. परंतु एकाच्या अनुभवावरून साऱ्या वस्तीतील दमेकऱ्यांचे दूध-दही तोडणे योग्य नाही.

भाताविषयीचा एक आक्षेप आधुनिक वैद्यकातूनच आलेला आहे. पिष्टमय पदार्थ जळताना स्निग्ध पदार्थांच्या मानाने अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो व तो बाहेर टाकण्याचा भार फुप्फुसावर पडतो. या तत्त्वावर ऐंशीच्या दशकात पाश्चात्त्य देशांत चरबीयुक्त, कमी पिष्टाचे महागडे आहारद्रव बाजारात आले. पुढील अभ्यासांत दिसले की, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णास नळीवाटे गरजेपेक्षा जास्त अन्न दिले तर हा धोका संभवतो. घरी अर्धपोटी राहणाऱ्या माणसाचा भात तोडण्यास त्यात आधार नाही. त्याला भात हवा आणि भातावर दोन चमचे तेल-तूपही हवे.

ताटाचा हिशोब

१५० सेंटिमीटर उंचीची, ४० किलो वजनाची, साठीतील एक रुग्ण स्त्री उदाहरणादाखल घेऊ. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तिचा निर्देशांक १८ च्या आत येतो. १८.५ च्या खाली माणूस कृश समजला जातो. वर उल्लेखिलेल्या गुणांकनात तर २१ व त्याखालील आकडाच धोक्याचा धरलेला आहे. तिच्या उंचीस ४२ किलो ही किमान पातळी आणि ४७ किलो हे पुढचे उद्दिष्ट मानता येईल.

दिवसभरात तिने तांदळाच्या दोन लहान भाकरी, दोन मुठी तांदळाचा भात, जेमतेम १५ ग्रॅम डाळीची आमटी व दोन कप गोड चहा घेतला, तर शरीरास मिळतात सुमारे ८३५ उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने. निरोगी प्रौढासाठी भारतीय शिफारस किलोमागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. जुनाट फुप्फुसविकारातील कृश रुग्णास किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम देण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे तिला ४८ ते ६० ग्रॅम हवीत आणि उष्मांक निदान १,५०० ते १,६००. तूट जवळजवळ निम्म्याची आहे. ती आणखी भाकरी खाऊन भरून निघणार नाही, कारण तेवढी भाकरी तिच्याने खाववणार नाही. थोड्या आकारमानात अधिक बळ देणारे पदार्थच येथे उपयोगी पडतात.

तेच ताट कायम ठेवून त्यात पुढील भर घालावी. शेंगदाण्याचे कूट ३० ग्रॅम, म्हणजे एक मूठ, भाजीत वा भाकरीबरोबर चटणी म्हणून. यातून सुमारे १५५ उष्मांक व ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन उकडलेली अंडी, १४० उष्मांक व १३ ग्रॅम. नाचणीच्या ३० ग्रॅम पिठाची, एक कप दूध व थोडा गूळ घातलेली खीर, पावणेतीनशेहून अधिक उष्मांक व साडेआठ ग्रॅम. आमटीतील डाळ १५ ऐवजी ४० ग्रॅम. भातावर व भाजीत मिळून दोन चमचे जादा तेल, ९० उष्मांक. बेरीज १,५९० उष्मांक व ५४ ग्रॅम प्रथिनांपर्यंत जाते. यात बाजारातील डब्यातले एकही चूर्ण नाही. जे अंडी खात नाहीत त्यांनी मूग, मटकी, हुलगे वा वालाची मऊ शिजवलेली उसळ आणि दही यांचे प्रमाण वाढवावे. मधुमेह असल्यास गूळ वगळावा. ही भर एका दिवसात न घालता दोन-तीन आठवड्यांत चढवीत न्यावी. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहावर एकदम अन्नाचा मारा करणे धोक्याचे असते.

नाचणीचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे. तिच्यात शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात त्याचे प्रमाण नगण्य. स्टेरॉइडमुळे ज्यांची हाडे ठिसूळ होऊ लागली आहेत अशांसाठी ही डोंगरउतारावरची, ‘गरिबांची’ म्हणून मागे पडलेली नाचणी मोलाची आहे. आंबील, खीर वा मऊ भाकरी अशा कोणत्याही रूपाने ती घ्यावी. रास्त भाव दुकानातून पात्र कुटुंबांना धान्य मिळते, त्यामुळे तांदूळ-गव्हाची चणचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. कमी पडतात ती डाळ, तेल, दूध आणि अंडी. घरात पैसा थोडा असेल तर तो याच पदार्थांवर खर्च होणे इष्ट.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. लावणीच्या दिवसांत घरातील धडधाकट माणसे शेतावर असतात, वस्तीतून बाजाराला जाणे कठीण होते आणि रुग्ण घरी एकटा राहतो. टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या या काळात मुबलक मिळतात. जीवनसत्त्वे व क्षार यांच्या दृष्टीने त्या उत्तम. परंतु पालेभाजीने पोट भरते, बळ भरत नाही. डाळ वा कूट घालून केलेली रानभाजी आणि नुसती उकडून फोडणी दिलेली रानभाजी यांत रुग्णाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. ओढ्यातील मासे, खाचरातील खेकडे हा या दिवसांतला प्रथिनांचा चांगला पुरवठा होय. सुकट आणि सुके बोंबील टिकाऊ व प्रथिनयुक्त खरेच, मात्र त्यांत मीठ फार असते. पायांवर सूज असणाऱ्या रुग्णाने ते टाळावे वा धुऊन, अगदी बेताने खावे.

जेवण्याची रीत

काय खावे याइतकेच कसे खावे हेही या रोगात महत्त्वाचे ठरते. दोन भरपेट जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे घ्यावीत. पहाटे साचलेला बेडका खोकून, तोंड धुऊन, मगच न्याहारी करावी. डॉक्टरांनी फवारा दिला असेल तर श्वासनलिका मोकळी करणारा फवारा जेवणापूर्वी काही वेळ घेतल्यास खाणे सोपे जाते; स्टेरॉइडयुक्त फवाऱ्यानंतर मात्र चूळ भरलीच पाहिजे, एरवी तोंडात बुरशी धरते व चव जाते. जेवणाआधी अर्धा तास विश्रांती असावी. स्वयंपाक करून धापा टाकीत तशीच जेवावयास बसणारी स्त्री दोन घासांत थकते. तिचे ताट आधी वाढणे हा औषधोपचाराचाच भाग मानावा. ज्यांना घरी प्राणवायू लावलेला आहे त्यांनी जेवताना नाकातील नळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये. भात मऊ असावा, भाकरी दुधात वा आमटीत कुस्करून घ्यावी, पाणी जेवणाच्या मध्ये पिऊन पोट भरू नये, नंतर प्यावे.

नुसत्या खाण्याने अंगावर चरबी येईल, स्नायू येणार नाहीत. त्यासाठी रोज थोडा व्यायाम लागतो. खुर्चीवरून वा ओट्यावरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, पाण्याने भरलेला तांब्या खांद्यापर्यंत उचलणे, अंगणात थांबत-थांबत चालणे, एवढे पुष्कळ रुग्णांना जमते. प्रथिने आणि हालचाल यांची जोडी असावी, असे फुप्फुस-पुनर्वसनाच्या सर्व कार्यक्रमांत सांगितले जाते. तालुक्याच्या पूर्व भागात याची उलट बाजूही पाहावयास मिळते. तेथे वजन भरपूर असूनही हातपाय बारीक असलेले रुग्ण असतात. पोटावरील चरबीमुळे स्नायूंची झीज झाकली जाते. त्यांना उष्मांक आवरून प्रथिने व व्यायाम वाढविणे आवश्यक असते.

क्षयरोगाचा धडा

अन्न हे फुप्फुसाच्या रोगात औषधाइतके काम करू शकते, याचा सर्वांत ठळक पुरावा भारतातूनच आला आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात ‘रेशन्स’ या नावाने ओळखला जाणारा मोठा प्रयोग झाला. २,८०० क्षयरुग्णांना व त्यांच्या घरातील माणसांपैकी एका गटाला तांदूळ, डाळ आदी शिधा दरमहा देण्यात आला. ज्या घरांतील माणसांना शिधा मिळाला त्यांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. रुग्णांमध्ये, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसास ही वाढ अवघी दोन किलोंची आहे.

क्षयरुग्णांसाठी २०१८ पासून ‘निक्षय पोषण’ योजनेतून दरमहा ५०० रुपये दिले जात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली आहे. परंतु ती उपचार चालू असेपर्यंतची आहे. क्षयातून बरा झालेला, व्रणांकित फुप्फुसाने धापा टाकणारा माणूस त्यानंतर या योजनेच्या बाहेर जातो, आणि चुलीच्या धुराने फुप्फुस गमावलेली वृद्ध स्त्री तिच्यात कधीच नव्हती. पोषणाच्या आजवरच्या योजना मुख्यतः बालके, गरोदर व स्तनदा माता, शाळकरी मुले आणि क्षयरुग्ण यांच्याभोवती आखल्या गेल्या. त्या काळच्या निकडीस ते धरूनच होते. आता राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात सीओपीडी व दमा यांचाही समावेश झालेला आहे. या रुग्णांच्या तपासणीत रक्तदाब व रक्तातील साखर यांच्या जोडीने वजनाची नोंद आणि आहाराची चौकशी होऊ लागली, तर त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. वजनकाटा उपकेंद्रात असतोच.

वजनाची नोंद

मुळशीतील रुग्णास पौडचे ग्रामीण रुग्णालय, लवळे येथील सिम्बायोसिस विद्यापीठाचे रुग्णालय, आणि तालुक्याबाहेर औंधचे उरो रुग्णालय वा पुण्याचे ससून रुग्णालय ही उपचाराची ठिकाणे आहेत. धाप कशामुळे आहे हे फुंकर मारून करावयाच्या श्वसनक्षमता चाचणीने ठरवून घेणे ही पहिली पायरी. आहाराची वाढ औषधाच्या जागी नसून औषधाच्या जोडीला आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

घरी करावयाचे काम तेवढेच सोपे आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी, साधारण तशाच कपड्यांत वजन करून ते भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावे. सहा महिन्यांत विनाकारण ५ टक्क्यांहून अधिक घट झाली, म्हणजे ४० किलोच्या माणसाचे वजन ३८ च्या खाली आले, तर डॉक्टरांना ती नोंद दाखवावी; छातीच्या विकाराबरोबर क्षयाची उलट, मधुमेह वा अन्य गंभीर रोग नाही ना, हे त्यांना पाहता येते. वजन एकाएकी, चार-पाच दिवसांत वाढले आणि घोट्यांवर बोट दाबल्यास खळगा पडू लागला, तर ती पुष्टी नसून सूज आहे. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आल्याची ती खूण असू शकते व तिला तातडीने उपचार लागतात. सूज उतरल्यावर जे वजन भरेल तेच खरे धरावे.

वाढ हळू होते. महिन्यास अर्धा किलो वाढला तरी आहार लागू पडतो आहे असे समजण्यास हरकत नाही. रोगाची एखादी उसळी येऊन गेली की त्यातले काही पुन्हा जाते. त्या आठवड्यात भाकरी जात नसल्यास नाचणीची खीर, मऊ भात-डाळ, दूध-अंडे दर दोन तासांनी थोडे थोडे देत राहावे आणि ताप उतरल्यावर महिनाभर जेवणाकडे अधिक लक्ष पुरवावे. मृगाच्या आधी घरात लाकडे भरली जातात, धान्य भरले जाते. त्याच वेळी रुग्णाच्या नावाने पाच-सहा किलो शेंगदाणे, तितकीच डाळ, नाचणीचे पीठ आणि तेलाचा डबा बाजूला काढून ठेवावा व दिनदर्शिकेत ज्येष्ठातील वजन लिहून ठेवावे. आश्विनात पाऊस सरल्यावर पुढचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.